खिशातला संगणक आणि त्याची कुलमुखत्यारी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांच्या दुकानातील संगणकाला माझा पेनड्राइव्ह लावला आणि चहा येईपर्यंत त्यांचे दोन वर्षांचे हिशेब पुसून टाकले. संगणकाने एकदाही विचारले नाही की, बाबा रे, तू कोण? तो का विचारीत नाही, हे मला पुढे कळले. आपल्या महाविद्यालयात लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन हिंडणारे बरेच आहेत, म्हणून हा लेख.

लिनक्समध्ये सर्वाधिकारी खात्यास 'रूट' म्हणतात. माझा कन्नड मित्र त्याला 'बेरु' म्हणतो. अर्थ तोच, मूळ. 1969 साली सुरू झालेल्या युनिक्सपासून ही कल्पना चालत आली आहे. रूटला कोणतीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. आपल्या वाणिज्याच्या भाषेत हा कुलमुखत्यार. पण दर कामाला कुलमुखत्यारपत्र देणे धोक्याचे, म्हणून 1980 च्या सुमारास अमेरिकेतील बफलोच्या विद्यापीठात 'सुडो' ही आज्ञा तयार झाली. हे खास मुखत्यारपत्र समजावे. तेवढ्या एका कामापुरता अधिकार मिळतो, स्वतःचा पासवर्ड द्यावा लागतो आणि कोणी काय केले याची नावनिशीवार नोंद राहते. उबंटूमध्ये एकदा पासवर्ड दिला की साधारण 15 मिनिटे तो पुन्हा विचारला जात नाही. तेवढ्यात जागेवरून उठून गेलात, तर तुमची सही केलेला कोरा चेक टेबलावर राहिला म्हणा.

आता पेनड्राइव्हची गोष्ट. स्थापना न करता थेट चालणारे लिनक्स, ज्याला 'लाइव्ह' म्हणतात, ते मुळात चाचणीसाठी व दुरुस्तीसाठी असते. म्हणून उबंटूच्या लाइव्ह सत्रात सुडो पासवर्ड मागतच नाही. डेबियनच्या लाइव्ह खात्याचा पासवर्ड तर 'लाइव्ह' हाच असतो, आणि तो जगजाहीर आहे.

मला एका मित्रासाठी दुसरा पेनड्राइव्ह तयार करावयाचा होता. त्यासाठी 'डीडी' ही आज्ञा वापरली. तिला तबकडीचे नाव सांगायचे असते. मी 'एस्डीबी' ऐवजी 'एस्डीए' लिहिले, आणि ती मामांची तबकडी निघाली. ही नावे कायमची नसतात, संगणक सुरू होताना ठरतात. 'एल्‌एस्‌बीएल्‌के' या आज्ञेने आकार पाहून खात्री करून घ्यायची असते. मी ती केली नाही. आणि मामांचा विंडोजचा पासवर्ड? तो विंडोज जागे असतानाचा पहारेकरी. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की तो झोपलेलाच असतो. तबकडी बिटलॉकरसारख्या उपायाने कूटबद्ध असती तरी परक्याला फक्त वाचता आले नसते. पुसण्यापासून तिने वाचवले नसते. त्याला निराळी प्रत ठेवणे हाच इलाज.

ज्यांना रोज वापरायचे आहे त्यांनी लाइव्ह पद्धत सोडावी आणि साध्या तबकडीवर करतात तशी पेनड्राइव्हवरच पूर्ण स्थापना करावी. तेव्हा पहिल्या वापरकर्त्यास सुडोचा अधिकार पासवर्डसह मिळतो. (डेबियनमध्ये त्यासाठी रूटच्या पासवर्डची जागा रिकामी सोडावी लागते.) मग दुसरे एक साधे खाते काढावे, त्याला सुडो गटात घालू नये, आणि टिपणे, प्रकल्प, इंटरनेट सारे त्यातूनच करावे. नवा प्रोग्रॅम बसवायचा असेल तेव्हाच पहिल्या खात्यात जावे. मित्राने पेनड्राइव्ह मागितला तर त्याला साध्याच खात्याचा पासवर्ड द्यावा. तो रागावला तर रागावू दे. मात्र सुडो गटातून शेवटचा माणूस काढून टाकू नका, नाहीतर घराला कुलूप आणि किल्ली आत.

एवढे करूनही पेनड्राइव्ह बसमध्ये विसरला तर? सापडणारा तो आपल्या संगणकाला लावील, तिथे रूट तोच असेल आणि तुमचे सर्व पासवर्ड निरुपयोगी ठरतील. म्हणून स्थापनेच्या वेळीच 'लक्स' कूटबद्धतेचा पर्याय निवडावा. तिचा परवलीचा शब्द विसरलात तर तुमचीही सुटका नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्या.

मामा फारसे बोलले नाहीत. त्यांनी बिलांचे तीन गठ्ठे माझ्यासमोर ठेवले. त्यांपैकी दीड गठ्ठा मी पुन्हा नोंदवला आहे.