मिझुरीतलं लंडनचं चर्च

मंडळी, "अमेरिकेत जुनं असं काय आहे?" हा प्रश्न भारतातून आलेले आई-बाबा हमखास विचारतात. एक उत्तर आम्हाला माहीत आहे. सेंट लुईसहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की साधारण शंभर मैलांवर किंगडम सिटी लागते. तिथून दक्षिणेला वळलं की फुल्टन हे छोटंसं कॉलेजचं गाव येतं. तिथल्या वेस्टमिन्स्टर कॉलेजच्या आवारात लंडनचं एक चर्च उभं आहे. ही प्रतिकृती नाही. तिचे दगड खरोखर लंडनचे आहेत.

या चर्चचं नाव सेंट मेरी आल्डरमनबरी. लंडनच्या जुन्या शहरात या नावाच्या चर्चचा उल्लेख ११८१ सालापासून सापडतो. आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य नुकतंच उभं राहत होतं, तो हा काळ. 'पॅरिश चर्च' म्हणजे एका वस्तीचं चर्च. बारसं, लग्न, दफन सगळं तिथेच, आणि त्याची नोंदही तिथल्याच वहीत. कवी मिल्टनचं दुसरं लग्न १६५६ साली याच चर्चमध्ये झालं. शेक्सपियरची नाटकं त्याच्या मृत्यूनंतर गोळा करून १६२३ साली छापून घेणारे त्याचे दोन नट-मित्र, हेमिंग्ज आणि कॉन्डेल, याच वस्तीतले. त्यांना इथेच पुरलं.

१६६६ च्या मोठ्या आगीत शहरातली ८७ चर्च जळाली, त्यात हेही गेलं. नवी बांधायचं काम ख्रिस्टोफर रेनकडे आलं. हा गृहस्थ मुळात ऑक्सफर्डचा खगोलशास्त्राचा प्राध्यापक! (आमच्यासारख्या एका शाखेची डिग्री घेऊन दुसरंच काम करणाऱ्यांना तेवढाच दिलासा.) त्याने जुन्या टोकदार कमानी आणल्या नाहीत. पांढरट पोर्टलंड दगडाच्या भिंती, वर अर्धगोल झालेल्या उंच खिडक्या, आत कोरिंथियन खांब आणि भरपूर उजेड असा त्याचा आराखडा होता. आता प्रवचन महत्त्वाचं झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना दिसेल आणि ऐकू येईल असा एकसंध दिवाणखाना हवा होता. म्हणजे संस्था मध्ययुगीन, पण आज आपण पाहतो ते बांधकाम सतराव्या शतकातलं. हा फरक लक्षात ठेवलेला बरा, कारण माहितीपत्रकं 'बाराव्या शतकातलं चर्च' असं सहज लिहून जातात.

२९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात चर्च पुन्हा जळालं. छप्पर आणि आतलं सगळं लाकूडकाम गेलं, भिंती राहिल्या. जुन्या शहरात आता राहणारी माणसंच फार उरली नव्हती, तेव्हा ते परत कोण बांधणार? वीसेक वर्षं ते तसंच उघडं पडून होतं.

इथे फुल्टन येतं. ५ मार्च १९४६ रोजी चर्चिलने 'पोलादी पडद्या'चं प्रसिद्ध भाषण याच कॉलेजच्या जिममध्ये केलं होतं. त्याच्या स्मारकासाठी कॉलेजने पुतळा न उभारता हे चर्च मागून घेतलं. (चर्चिलसाहेबांबद्दल आपलं मत काय असायचं ते असो, १९४३ चा बंगालचा दुष्काळ आपण विसरलेलो नाही. पण दगडांचा त्यात काय दोष?)

मग सुमारे ७००० दगड सुटे करून, प्रत्येकावर नंबर घालून, बोटीने आणि पुढे रेल्वेने मिझुरीला आणले. आमच्यातल्या इंजिनियर मंडळींना खरी मजा इथे वाटते. नंबर कितीही नीट घातले तरी शेवटी दगडाशेजारी दगड बसवून पाहायला गवंडीच लागतो. ७ मे १९६९ रोजी चर्चचं समर्पण झालं.

आत गेल्यावर मात्र जपून बघा. भिंतींचा दगड रेनच्या काळचा आहे, पण कोरीव लाकूडकाम विसाव्या शतकातलं. ते युद्धापूर्वीच्या फोटोंवरून केलं आहे. मग हे चर्च खरं जुनं म्हणायचं का? आम्ही हो म्हणू. गोव्यात १५६० साली मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला नेलं, तेव्हा देव हलला आणि देऊळ मागे राहिलं. तरी मंगेशीला कोणी नवा देव म्हणत नाही. इथे उलटं झालं, देऊळच हललं. आपल्या जीर्णोद्धाराच्या कल्पनेत दोन्ही बसतं.

चर्चच्या खाली चर्चिल संग्रहालय आहे. बाहेर बर्लिनच्या भिंतीच्या तुकड्यांतून त्याच्या नातीने केलेलं शिल्पही आहे, मुलांना ते नक्की आवडतं. आणि भारतात जाताना लंडनला एखादा दिवस थांबणार असाल, तर गिल्डहॉलजवळ या चर्चची मूळ जागा शोधा. तिथे आता छोटी बाग आहे, शेक्सपियरचा अर्धपुतळा आहे, आणि पायाचे दगड जागच्या जागी दिसतात. फुल्टनला काढलेले फोटो बरोबर ठेवा, म्हणजे कुठली भिंत कुठे होती ते जुळवता येईल.