खरा खेळ पांढऱ्या चेंडूचा

पूलच्या टेबलावर चेंडू पॉकेटमध्ये घालणं सरावानं बऱ्याच जणांना जमतं. विजेता वेगळा ठरतो, तो त्यानंतर पांढरा चेंडू कुठे थांबतो यावरून. नाइन-बॉलमध्ये दर वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूलाच आधी धक्का द्यावा लागतो. त्यामुळे एक फटका मारतानाच पुढच्या दोन-तीन फटक्यांची सोय लावून ठेवावी लागते.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. चेंडूंचं वजन जवळपास सारखं असतं. पांढरा चेंडू न फिरता, नुसता घसरत येऊन दुसऱ्याला तिरका लागला, की दोघांच्या वाटा सुमारे ९० अंशांत फुटतात. समोरासमोर लागला, तर तो जागीच थांबतो. घरंगळत आलेला चेंडू मात्र समोरच्याच्या अर्ध्या भागावर आदळला, तर मूळ दिशेपासून साधारण ३० अंशच वळतो. क्यूचं टोक मध्याखाली लावलं, तर उलट्या फिरकीमुळे तो मागे येतो. पण वाटेत कापडाचं घर्षण ही फिरकी खात जातं. अंतर जास्त असेल, तर टोला जोरकस हवा.

फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस यांनी १९९९मध्ये नाइन-बॉलचं आणि २००४मध्ये एट-बॉलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. पांढरा चेंडू कुशनवर आपटून आडोशामागचा चेंडू गाठण्यात त्यांचा हातखंडा. अशा वेळी नवखा नशिबावर हवाला ठेवतो, मुरलेला खेळाडू कोन मोजतो. आणि चेंडू पॉकेटमध्ये जाण्याची शक्यताच नसेल, तर प्रतिस्पर्ध्याची कोंडी करणारा बचावात्मक फटका निवडतो. मोह आवरणं हेही कौशल्यच!