झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या आणि उसने हृदय

रक्ताभिसरण बिघडले की दोष हृदयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु हृदय धडधाकट असतानाही रक्तवाहिन्या झिरपू लागल्यामुळे मनुष्य काही तासांत मरणाच्या दारी पोहोचू शकतो. अशा एका विकाराचे वर्णन डॉ. बेयार्ड क्लार्कसन व त्यांचे सहकारी यांनी १९६० साली अमेरिकेत केले. पुढे त्याला क्लार्कसनचेच नाव मिळाले. हा रोग फार दुर्मिळ आहे.

आपल्या केशवाहिन्यांच्या भिंती म्हणजे जणू बारीक विणीचे कापड. या रोगात एकाएकी ही वीण सैल होते. रक्तातील पाणी आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन बाहेर झिरपून स्नायूंत साचते. तांबड्या पेशी मात्र आतच राहतात. त्यामुळे रक्तदाब कोसळतो, पण रक्त घट्ट झाल्याने तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेले दिसते. आरंभी फ्लूसारखी कणकण, मळमळ, अशक्तपणा एवढेच जाणवते. म्हणून पुष्कळदा जंतुसंसर्गाचाच संशय घेतला जातो.

उपचारात डॉक्टरांची दोन्हीकडून कोंडी होते. शिरेतून सलाईन द्यावे, तर तेही झिरपते. हातापायांचे स्नायू इतके सुजतात की त्यांचाच रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. न द्यावे, तर मेंदू व मूत्रपिंडे उपाशी राहतात. सुदैवाने ही गळती बहुधा काही दिवसांत आपोआप थांबते. मात्र तेव्हा बाहेरचे पाणी वेगाने रक्तात परतते आणि फुप्फुसांत भरू शकते.

मधले हे दिवस कसे निभवावेत? येथे यंत्राचा विचार येतो. डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फिया येथे हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केली. ते यंत्र काही तासांपुरते होते. त्याच तत्त्वावरचे, पण अनेक दिवस चालणारे यंत्र आज ‘एक्मो’ या नावाने ओळखले जाते. ते मोठ्या शिरेतून रक्त ओढते, त्यात प्राणवायू मिसळते आणि पंपाच्या जोरावर ते धमनीत सोडते. क्लार्कसनच्या रोगात हृदयाचा स्नायूही कधीकधी सुजून दुबळा होतो; अशा वेळी हे उसने हृदय उपयोगी पडू शकते.

पण विहीर आटली असता मोट कितीही ओढली तरी पाणी येत नाही. वाहिन्या रित्या असतील तर पंपाला ओढायला रक्तच मिळत नाही, आणि त्यासाठी पुन्हा द्रव द्यावा लागतो. शिवाय नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. काही रुग्ण या यंत्राच्या आधारे वाचले, काही वाचले नाहीत.

तात्पर्य, यंत्र गळती बुजवत नाही, ते केवळ मुदत मिळवून देते. त्या मुदतीत रोग स्वतःहून ओसरणार असेल, तरच तिला अर्थ आहे. आणि या रोगात ती आशा खरी असते. वाचलेल्या रुग्णाला पुढे ठरावीक काळाने इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास पुन्हा येणारे झटके पुष्कळ अंशी टळतात. मात्र त्यासाठी आधी रोग ओळखला गेला पाहिजे. कोसळलेला रक्तदाब, चढलेले हिमोग्लोबिन आणि उतरलेले अल्ब्युमिन, ही तिन्ही एकत्र दिसताच ज्याला शंका येते, तो डॉक्टर त्या महागड्या यंत्राइतकाच मोलाचा आहे.