चाक पाच फूट सात इंचांचं, की कमी?
इंजिन घडवताना : लेखांक ११

वॉल्शर्ट गिअरच्या दांड्यांची मापं या आठवड्यात द्यायचं ठरलं होतं. ती आता पुढच्या वेळी. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे, की तो सुटल्याशिवाय प्रतिकृतीसाठी कुणी एकही दांडी कापू नये असं मला वाटतं.

ते लिहितात : डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाच्या चालक चाकाचा व्यास तुम्ही पाच फूट सात इंच, म्हणजे १७०२ मिलिमीटर दिलात. स्टेशनाच्या आवारात चौथऱ्यावर ठेवलेल्या डब्ल्यूपीचं चाक मी स्वतः मोजलं, ते १६५० भरलं. पुस्तक चुकलं की माझी टेप?

दोन्ही बरोबर आहेत. त्यांनी मोजलं कसं, ते आधी सांगतो, कारण पद्धत फार चांगली आहे. उभ्या इंजिनाच्या चाकाभोवती टेप गुंडाळता येत नाही. ब्रेकचे ठोकळे, वाळूचे पाइप आणि खुद्द रूळ आड येतात. त्यांनी आसाचं टोक गाठलं. आस लेथवर चढवताना त्याच्या दोन्ही टोकांना मधोमध शंकूच्या आकाराचं एक भोक पाडतात, आणि ते कायमचं राहतं. वरून रंगाचे कितीही थर बसले, तरी बोट फिरवलं की लागतं. रुळाच्या माथ्यापासून या भोकापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं : ८२५ मिलिमीटर. त्याची दुप्पट १६५०.

मग उरलेले ५२ मिलिमीटर गेले कुठे? धाव झिजून गेले. इंजिनाचं चाक एकसंध नसतं. आऱ्यांचं ओतीव चाक वेगळं आणि त्यावर चढवलेली पोलादी धाव वेगळी. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतो आणि गार होताना ती आवळून बसते, अगदी तसंच इथंही होतं. नवी धाव साधारण तीन इंच जाडीची. रुळावर घासून ती झिजते, तिचा आकार बिघडतो, मग शेडमध्ये चाकं लेथवर चढवून ती पुन्हा कातावी लागते. दर वेळी थोडं पोलाद जातं. जोडचाकांपैकी एकाच चाकावर खोल चट्टा पडला असला, तरी सगळी त्याच मापाला आणावी लागतात, कारण जोडदांडीने बांधलेली चाकं लहानमोठी असून चालत नाही. सांगलीकरांच्या इंजिनात धाव एका बाजूला २६ मिलिमीटर उतरली आहे. इतकी झीज आश्चर्याची नाही. एवढं पळाल्यावरच ते चौथऱ्यावर आलं.

पण पुस्तकातला आकडा खरा कशावरून? इथे माझं एक आवडतं हत्यार काढतो : ओढशक्तीचं सूत्र. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला स्ट्रोकने गुणायचं, मग बॉयलरच्या दाबाच्या ८५ टक्क्यांनी गुणायचं आणि चालक चाकाच्या व्यासाने भागायचं. डब्ल्यूपीचा सिलिंडर २०¼ इंच, स्ट्रोक २८ इंच, दाब चौरस इंचाला २१० पौंड. चाक ६७ इंच धरलं तर उत्तर येतं ३०,५८९ पौंड. छापील तक्त्यात आहे ३०,६००. आता ६७ऐवजी ६५ घाला, म्हणजे आपल्या वाचकांचं चाक. उत्तर साडेएकतीस हजारांच्या पुढे जातं. तक्ता करणाऱ्याच्या हातात ६७ इंचच होते, याबद्दल शंका उरत नाही. शिवाय हेही कळतं की धाव झिजलेलं इंजिन कागदावर थोडं जास्त ओढतं.

हे डब्ल्यूपीपुरतं जुळलं असं कुणी म्हणू नये म्हणून डब्ल्यूजी हे दुसरं इंजिन घ्या. बॉयलर डब्ल्यूपीचाच, दाब तोच, स्ट्रोक तोच. सिलिंडर २१⅞ इंच, चाक ६१½ इंच. उत्तर ३८,८८८. छापील आकडा ३८,८९०. मला या जुळणीचा दर वेळी नव्याने आनंद होतो. पाच आकड्यांपैकी चार हाताशी असले की पाचवा मिळतो, आणि ज्या इंजिनाचा आराखडा कुठेच सापडत नाही त्याच्या सिलिंडरचा व्यास असा काढता येतो. सिलिंडर दोन आणि साधे हवेत, एवढं पाहा. आणि सगळ्याच रेल्वे कंपन्या ८५ टक्के धरत नसत. जुन्या तक्त्यांत ७५ किंवा ८० टक्केही दिसतात. आधी त्याच कंपनीच्या एखाद्या पूर्ण माहिती असलेल्या इंजिनावर टक्केवारी ताडून घ्या आणि मगच ती वापरा.

झिजलेल्या धावेचा खरा उपद्रव चाकाच्या मापात नाही, उंचीच्या मापांत आहे. धाव २६ मिलिमीटर उतरली की आस तेवढा खाली येतो, आणि आसावर स्प्रिंगांनी पेललेलं सगळं त्याच्यामागोमाग : फ्रेम, सिलिंडर, बॉयलर, केबिनचं छप्पर. शेडमध्ये पॅकिंग घालून बफरची उंची सावरत, पण किती सावरली हे चौथऱ्यावरच्या इंजिनाला विचारता येत नाही. त्यात स्प्रिंगा वर्षानुवर्षं दबून बसलेल्या. म्हणून रुळाच्या माथ्यापासून घेतलेली एकही उंची मी थेट आराखड्यावर चढवत नाही. उंच्या घ्यायच्या त्या फ्रेमच्या वरच्या कडेपासून. फ्रेम झिजत नाही.

तसंच आसांमधलं अंतर. धाव कितीही कातली तरी दोन आसांची केंद्रं जागची हलत नाहीत. जोडदांडीचे बुश सैल होतात तेवढाच काय तो फरक. म्हणून बाजूने काढलेल्या फोटोवरून मापं काढताना चाकाचा व्यास मोजपट्टी म्हणून धरू नका, आसांमधलं अंतर धरा. दुसऱ्या लेखांकात मी यावर एवढा भर का दिला होता, ते आता कळेल. पत्रलेखकांनी १७०२ धरून फोटोवरून बॉयलरची लांबी काढली असती, तर चाक झिजलेलं असल्यामुळे ती तीन टक्क्यांनी फुगली असती. बॉयलरची प्लेट एकदा कापली की तीन टक्के परत येत नाहीत.

आता प्रतिकृतीत चाक केवढं करायचं? पाच इंची ट्रॅकवर ब्रॉडगेज इंजिन करायचं तर प्रमाण १ : १३.२. १७०२चं चाक १२८.९ मिलिमीटर होतं, आणि १६५०चं १२५. फरक चार मिलिमीटरांचा. नवंकोरं चाक करायचा मोह होतो, पण आपल्या फ्लॅंज प्रमाणापेक्षा जाड आणि उंच ठेवाव्या लागतात, नाहीतर गाडी वळणावर रूळ सोडते. आसांमधलं अंतर तर वाढवता येत नाही. चाक पूर्ण मापाचं केलं की शेजारच्या दोन फ्लॅंजमधली फट नको तेवढी आवळते आणि ब्रेकच्या ठोकळ्याला जागा राहत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी : धाव अर्धा इंच झिजलेली धरा. चालत्या इंजिनाची धाव बहुतेक काळ अशीच कुठेतरी मध्ये असते, त्यामुळे खोटं काही होत नाही. मूळ चाक मग ६६ इंचांचं, म्हणजे बरोबर ब्रॉडगेजच्या रुंदीएवढं, आणि प्रतिकृतीत बरोबर पाच इंच, १२७ मिलिमीटर. त्या मापाचं बीड सहज कातता येतं आणि तपासायला ट्रॅकचाच गेज लावता येतो. धावेचा माथा १ : २० उताराने कातायचा, त्यामुळे १२७ हे माप रूळ टेकतो तिथलं, फ्लॅंजलगतचं नव्हे.

पुढच्या लेखांकात वॉल्शर्ट. त्याआधी वाचकांनी आपल्या आराखड्यावरचा चालक आस आणि क्रँकपिन यांच्यामधलं अंतर पाहून ठेवावं. ते स्ट्रोकच्या निम्मं, म्हणजे डब्ल्यूपीला १४ इंच भरलं पाहिजे. भरलं नाही, तर आराखडा छापताना आखडला आहे असं समजा आणि त्यावरची इतर मापंही त्याच हिशेबाने सुधारून घ्या.