राखीगढीचा सांगाडा आणि जातीच्या भिंती

हरियाणातील राखीगढी येथे सिंधू संस्कृतीच्या दफनभूमीत सापडलेल्या एका स्त्रीच्या डीएनएचा अहवाल सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हे उत्खनन झाले होते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या स्त्रीत मध्य आशियाकडील गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. झाले! आर्य बाहेरून आलेच नाहीत, असा गाजावाजा सुरू झाला.

परंतु त्याच वेळी ‘सायन्स’ नियतकालिकात ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. हे पशुपालक इ. स. पूर्व २००० ते १५०० या काळात उपखंडात आले, असे तो सांगतो. शिंदे त्याही निबंधाचे सहलेखक आहेत. जी स्त्री त्यांच्या येण्याआधीच मरण पावली, तिच्यात त्यांचा अंश सापडणार कसा?

तरीही ‘मूळचे कोण, बाहेरचे कोण’ या वादात आपण किती अडकायचे? आर्य नावाच्या वंशाने आक्रमण करून शूद्रांना जिंकले, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ सालीच नाकारला होता. आज स्थलांतराचा पुरावा मिळाला असला तरी त्याने जात म्हणजे वंश ठरत नाही. २०१३ मध्ये ७३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे मोठ्या प्रमाणावर रक्तमिश्रण झाले, असे त्यात दिसले. म्हणजे शुद्ध रक्ताचा येथे कोणीच नाही.

मग हे मिसळणे थांबले कधी? कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उत्तर दिले. उच्चवर्णीय समूहांत ते सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वी एकाएकी थांबले. हा काळ त्यांनी गुप्त राजवटीशी जोडला आहे. इतिहासकार ज्याला सुवर्णयुग म्हणत आले, त्याच युगात भिंती पक्क्या झाल्या! काही समूह याच्याही आधी बंदिस्त झाले होते, हेही खरे.

आता ९ मे १९१६ आठवा. कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमरावांनी निबंध वाचला. जातीचे मर्म पोटजातीबाहेर लग्न न करण्यात आहे. आधी पुरोहितवर्गाने स्वतःला कोंडून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, असे त्यांनी मांडले. प्रयोगशाळा नव्हती, होती ती फक्त समाज वाचणारी बुद्धी. शंभर वर्षांनी रक्ताच्या थेंबाने त्यांच्या म्हणण्याला साक्ष दिली.

ही साक्ष केवळ अभिमानाने मिरवू नये. पोटजात पाहून वधू-वर मेळावे भरविणाऱ्या आपल्याही घरांना ती प्रश्न विचारते. ७० पिढ्यांची ही भिंत माणसांनी लग्नाच्या बोहल्यावर उभारली. ती पाडायची तर सुरुवातही तेथूनच करावी लागेल.