मुलाची भाषा आणि शाळेची भाषा

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके आहेत. येथील काही गावांतून कोरकू आणि निहाली या भाषा बोलल्या जातात. निहाली ही जगातील मोजक्या एकाकी भाषांपैकी एक होय. कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते अद्याप निश्चितपणे जोडता आलेले नाही. ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २,००० ते २,५०० इतकीच सांगितली जाते.

अशा घरातील सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात येते, तेव्हा फळ्यावरील मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसते. या गप्प बसण्याला 'मठ्ठपणा' हे नाव मिळाले, की त्या मुलाची शाळा मनातल्या मनात तेथेच संपते. हा प्रश्न केवळ डोंगरातील शाळांचा नाही. घाटावरच्या तांड्यांतील बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात. मराठी घरातील मूलही 'मला' न म्हणता वऱ्हाडीतले 'मले' म्हणते. म्हणून हा विषय जिल्ह्यातील प्रत्येक शिक्षकाच्या जिव्हाळ्याचा आहे.

चूक कोठून येते?

मराठीत दगड 'तो', पाटी 'ती' आणि पुस्तक 'ते' असते. हे असे का, याचे उत्तर मराठी माणसालाही देता येत नाही. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा. तिच्यात सजीव आणि निर्जीव असा भेद आहे; मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. त्यामुळे कोरकू मूल 'तो पाटी' म्हणते, तेव्हा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. ते आपल्या घरच्या व्याकरणाने चालत असते. उलट, कोरकूत दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे, जे मराठीत नाही. आणि 'आम्ही' व 'आपण' हा मराठीतील सुंदर भेद कोरकूतही आहे. दोन भाषांमधले असे समान धागे शिक्षकाला ठाऊक असतील, तर शिकवणे सोपे होते.

वर्गात काय करता येईल?

१. प्रथम शिक्षकाने शिकावे. पाणी, भूक, घर, आई, ये, बस, दुखते अशा ५० शब्दांची यादी मुलांकडूनच करून घ्यावी व देवनागरीत लिहून ठेवावी. गुरुजी किंवा बाई आपला शब्द चुकत-माकत उच्चारतात, हे पाहून मूल हसते आणि त्याची भीती ओसरते.

२. आधी बोलणे, मग वाचणे. नवा धडा उघडण्यापूर्वी चित्र, वस्तू अथवा शिवारातील फेरफटका यांवर मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे. त्यानंतर मराठी शब्द द्यावा. अर्थ आधीच हाती असला, की अक्षर ओळखणे जड जात नाही.

३. चूक न दाखवता सुधारावी. मूल म्हणाले, 'तो पाटी फुटला.' शिक्षकाने म्हणावे, 'अरे, ती पाटी फुटली? कशी फुटली?' योग्य रूप कानावर पडते आणि संवादही तुटत नाही.

४. उत्तराची वाट पाहावी. अमेरिकेतील अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. परभाषेत विचार करणाऱ्या मुलाला तर या क्षणांची अधिकच गरज असते.

५. गणित आणि भाषा वेगळी पारखावी. शाब्दिक उदाहरण चुकले, तर तेच बिया किंवा खडे मांडून विचारावे. उत्तर बरोबर आले, तर अडचण गणिताची नसून मराठीची आहे, हे कळते.

६. जोडीदार द्यावा. दोन्ही भाषा जाणणारे मोठे मूल नव्या मुलाजवळ बसवावे. मात्र ते कायमचे दुभाषी होऊ नये, म्हणून जोड्या बदलत राहाव्यात.

धीर धरावा

फळ लगेच दिसत नाही, म्हणून अनेक शिक्षक निराश होतात. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी सांगितले आहे, की दुसऱ्या भाषेत रोजचे बोलणे सुमारे दोन वर्षांत जमते. परंतु पाठ्यपुस्तकाची भाषा पेलण्यास पाच ते सात वर्षे लागतात. तेव्हा तिसरीतील मूल अंगणात फडाफडा मराठी बोलते आणि परिसर अभ्यासाच्या तासाला अडखळते, यात शिक्षकाचे अपयश नाही. त्या मुलाचा प्रवास अर्ध्यावर आहे, इतकेच.

कायदाही शिक्षकाच्या बाजूने उभा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, तसेच शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. पालकांना आपल्या मुलाने उत्तम मराठी शिकावे असेच वाटते आणि ती इच्छा रास्त आहे. घरची भाषा हा त्या मराठीकडे नेणारा पूल आहे. पूल पाडून कोणी पैलतीरी पोहोचत नाही.

आपल्या परंपरेतही या विचाराचे दाखले आहेत. संत जॉन बॅप्टिस्ट डी ला साल (१६५१-१७१९) यांनी फ्रान्समधील गरीब मुलांना प्रथम लॅटिन नव्हे, तर त्यांच्या फ्रेंच भाषेतूनच वाचन शिकवले. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित केले. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स प्रथम येथल्या लोकांच्या भाषेचे विद्यार्थी झाले. म्हणूनच १६१६ साली त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध होऊ शकले.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्या वर्गात मागच्या रांगेत एखादे मूल गप्प बसत असेल, तर उद्या त्याला एकच प्रश्न विचारा : 'याला तुमच्या घरी काय म्हणतात?' ते जे सांगेल, तो शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहा. शाळा आपलीही आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी कळेल.