आवळे विका, पण घरीही ठेवा



कार्तिक लागला की रानातले आवळे पाट्या भरभरून बाजारात जातात. घरच्या मुलांच्या ताटात मात्र एकही पडत नाही. आवळ्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. नाचणीच्या भाकरीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला त्याची मदत होते. म्हणून जेवताना एक आवळा मीठ लावून खावा किंवा चटणी वाटावी. त्यातल्या चोथ्याने पोट साफ व्हायला मदत होते. पाणीही भरपूर प्यावे. फार खाल्ल्यास जळजळ होते. उरलेल्या फोडी मीठ लावून वाळवल्या की सुपारी कित्येक महिने टिकते.

आवळकाठी रात्री भिजवून त्या पाण्याने केस धुण्याची आपली रीत चांगलीच आहे. पण केस फार गळत असतील, चालताना धाप लागत असेल, पापणी आतून फिकट दिसत असेल, तर कदाचित अंगात रक्त कमी असेल. तेव्हा नुसत्या आवळ्यावर विसंबू नका. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर देतील ती गोळी घ्या. आवळा औषधाच्या जागी नव्हे, जोडीला हवा.